चिनी विद्यार्थ्यांची इंग्रजीची परीक्षा : कानाचा अभ्यास व डोळ्याचा अभ्यास

चीन देशांत महाविद्यालयांत प्रवेश मिळविण्याकरितां जी परीक्षा द्यावी लागते तीस तेथील लोक ‘गाओकाओ’ म्हणतात. ही परीक्षा दरवर्षीं जून महिन्याच्या ७ व्या तारखेस सुरू होते, आणि बहुतेक प्रांतांत परकीय भाषेचा पेपर ८ व्या तारखेस दुपारीं तीन वाजतां असतो. इतर विषयांस मूल पांच-दहा मिनिटें उशिरा पोहोंचलें तरी त्यास आंत घेतात. या पेपरास मात्र तीन वाजण्याच्या पंधरा मिनिटें आधींच दार बंद होतें, आणि मागून येणारास, मग तो वर्गांतील पहिल्या नंबरचा विद्यार्थी कां असेना, परत फिरावें लागतें. एवढी कडक शिस्त कशासाठीं, असें कोणी विचारील. कारण असें कीं, पेपराच्या आरंभींच इंग्रजी संभाषणें ऐकविलीं जातात, आणि एकदां तीं सुरू झालीं म्हणजे दाराची कुरकुरसुद्धां साऱ्या वर्गाचे गुण बुडवूं शकते.

या परीक्षेस २०२४ सालीं १ कोटि ३४ लक्ष २० हजार विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं होतीं. बृहन्मुंबईची २०११ च्या खानेसुमारींतील सारी लोकसंख्यादेखील याहून कमी भरते. एवढीं मुलें एकाच आठवड्यांत परीक्षेस बसतात, आणि त्यांच्यापैकीं फार मोठ्या संख्येस, ज्या भाषेचा एक शब्दही घरीं कोणी बोलत नाहीं ती भाषा ऐकून व वाचून समजली आहे असें सिद्ध करावें लागतें. हें तीं कसें साधतात, हें पाहणें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगाचें होईल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम पेपराचें स्वरूप सांगतों. चिनी भाषा, गणित आणि परकीय भाषा या तिन्ही विषयांस प्रत्येकीं १५० गुण असतात. परकीय भाषा म्हणून इंग्रजीखेरीज रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेतां येते. परंतु बहुतेक मुलें इंग्रजीच घेतात. नवीन धर्तीच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेंत श्रवणास ३० गुण, वाचनास ५०, गाळलेल्या जागा भरण्याच्या दोन प्रश्नांस मिळून ३०, आणि लेखनास ४० अशी वांटणी आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक गुण केवळ ऐकून किंवा वाचून समजण्यावर अवलंबून आहेत. शिवाय लेखनाच्या ४० गुणांपैकीं २५ गुण एक अपुरी गोष्ट वाचून ती पुढें लिहून पुरी करण्याचे असतात. मूळ गोष्टच नीट कळली नसेल तर पुढील भाग तरी कसा साधावा? तेव्हां तेंही एका अर्थीं वाचनच म्हणावयाचें.

श्रवणाचा भाग सुमारें २० मिनिटें चालतो. प्रश्न २०, प्रत्येकास दीड गुण, आणि प्रत्येकाखालीं तीन उत्तरें छापलेलीं. त्यांतून एक निवडावयाचें. पहिलीं पांच संभाषणें अगदीं आंखूड, एका पुरुषाचें व एका स्त्रीचें दोन-चार वाक्यांचें बोलणें. पण तीं एकदांच ऐकवितात. पुढील १५ प्रश्न पांच मोठ्या संभाषणांवर किंवा भाषणांवर असून तीं दोनदां ऐकवितात. आंखूड संभाषणानंतर दहा सेकंद मिळतात. तेवढ्यांत उत्तरावर खूण करून पुढचा प्रश्न वाचून ठेवावयाचा. अखेरीस, प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणा यंत्रानें तपासावयाच्या उत्तरपत्रिकेवर शिसपेन्सिलीनें उतरण्यास दोन मिनिटें देतात. आरंभीं नमुन्यादाखल एक प्रश्न वर्षानुवर्षें छापीत आले आहेत. त्यांत सदऱ्याची किंमत विचारलेली असते, व तिचें उत्तर ९ पौंड १५ पेन्स. चीनमध्यें ज्यांनीं म्हणून ही परीक्षा दिली आहे त्यांस तो सदरा आठवतो, व पुढें थट्टामस्करींतही तो येतो.

श्रवण इतकें अवघड कां वाटावें? याचें उत्तर चिनी भाषेच्या घडणींत आहे, आणि तें समजून घेतांना आपल्या मराठीकडेही आपलें लक्ष गेल्यावांचून राहत नाहीं. उत्तरेकडील प्रमाण चिनी भाषेंत शब्दावयव बहुधा स्वरानें किंवा अनुनासिकानें संपतो. इंग्रजी शब्दांच्या शेवटीं येणारीं ट, ड, क, प हीं व्यंजनें चिनी कानास सहजीं पकडतां येत नाहींत. ‘वर्क’ आणि ‘वर्क्ट’ यांत काळाचा भेद आहे. पण तो भेद ज्या एका टकारावर अवलंबून, तोच ऐकूं आला नाहीं तर गोष्ट काल घडली कीं रोज घडते, हें कळणार कसें? त्यांतून चिनी क्रियापद काळाप्रमाणें बदलत नाहीं. ‘काल’, ‘उद्यां’ अशा शब्दांवरून किंवा एखाद्या लहानशा अव्ययावरून तें काम भागतें. म्हणून त्या मुलाचा कान क्रियापदाच्या शेपटाकडे लक्ष देण्यास मुळीं शिकलेलाच नसतो. ‘तो’ आणि ‘ती’ हीं सर्वनामें चिनींत लिहावयास निराळीं, पण बोलावयास दोन्ही ‘ता’. त्यामुळें चांगला अभ्यासू मुलगाही इंग्रजी बोलतांना आपल्या आईस ‘ही’ म्हणून जातो.

‘थिंक’ म्हणजे विचार करणें आणि ‘सिंक’ म्हणजे बुडणें. चिनी भाषेंत तो दंत्य उच्चार नसल्यामुळें विचार करणारा मनुष्य बुडाला असें वाटण्याचा प्रसंग येतो. यास कोणी हंसूं नये. पश्चिम दिशेस आणि आंत घालावयाच्या बंडीस इंग्रजींत दोन निराळे शब्द आहेत; आपण ते दोन्ही ‘वेस्ट’ असेच लिहितों व बहुधा तसेच उच्चारितों.

मोठ्या संख्यांची अडचण तर आपणांस फारच लवकर पटेल. चिनी लोक दहा हजारांस ‘वान’ म्हणतात, आणि त्यापुढील मोजणी वानांनीं करितात. इंग्रजींत ‘थर्टी थाउजंड’ ऐकलें कीं त्या मुलास मनांतल्या मनांत ‘तीन वान’ करावें लागतें. आपण लक्ष आणि कोटि यांनीं मोजतों. ‘थ्री हंड्रेड थाउजंड’ ऐकल्यावर तीन लक्ष म्हणण्यास आपणांसही क्षणभर थांबावें लागतें. एकदांच ऐकविल्या जाणाऱ्या संभाषणांत तो क्षण महाग पडतो.

तसाच दुसरा फांसा नकारार्थी प्रश्नाचा. “तूं काल आला नाहींस का?” असें विचारलें असतां मराठी मनुष्य “हो, नाहीं आलों,” असें म्हणतो, चिनी मनुष्यही तसेंच म्हणतो, कारण दोघेही विचारणाराच्या म्हणण्यास रुकार देतात. इंग्रज मात्र अशा वेळीं ‘नो’ म्हणेल, कारण त्याची दृष्टि विचारणाराच्या म्हणण्यापेक्षां घडलेल्या गोष्टीकडे असते. संभाषणांतील एका ‘नो’ चा अर्थ उलटा घेतला कीं पुढील सारें उत्तर उलटें.

आतां सराव कसा करितात तें पाहूं. चिनी शिक्षक ऐकण्याचे दोन प्रकार मानितात. एक ‘जिंगथिंग’, म्हणजे बारकाईनें ऐकणें. व दुसरें ‘फानथिंग’, म्हणजे सैलपणें पुष्कळ ऐकणें. पहिल्या प्रकारांत दोन मिनिटांचा एकच उतारा घेतात. तो प्रथम न थांबतां संपूर्ण ऐकावयाचा व एवढेंच पाहावयाचें कीं, कोण, कोणाशीं, कशाविषयीं बोलत आहे. मग एकेक वाक्य थांबवून ऐकलें तसें लिहून काढावयाचें. न समजलेल्या जागीं अंदाजानें कांहीं न भरतां तेथें रिकामी जागा सोडावयाची. आमच्या मतें या रीतींतील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. नंतर छापील मजकूर समोर ठेवून ताडून पाहावयाचें. रिकाम्या जागीं कोणता शब्द होता हें दिसलें म्हणजे मुलगा बहुधा चकित होतो, कारण शब्द त्याच्या ओळखीचाच निघतो. ‘नॉट ॲट ऑल’ हे तिन्ही शब्द त्यास पहिल्या वर्षापासून ठाऊक असतात, पण बोलणारानें ते ‘नॉटॅटॉल’ असे जोडून उच्चारले कीं ते त्यास एखादा नवाच शब्द भासतात. न कळण्याचें कारण शब्दांचें दारिद्र्य कीं उच्चारांचें अज्ञान, हें अशा रीतीनें निश्चित होतें. आणि रोग निश्चित झाल्यावांचून औषध देणें व्यर्थ होय. शेवटीं त्याच उताऱ्याच्या मागोमाग, कीर्तनांतील झीलकऱ्यांप्रमाणें, अर्ध्या श्वासाच्या अंतरानें मोठ्यानें म्हणत जावयाचें. जो आवाज आपल्या तोंडून कधीं निघाला नाहीं तो कानासही लवकर ओळखूं येत नाहीं, हा अनुभव कोणत्याही देशांतील भाषाशिक्षकास आहे.

दुसऱ्या प्रकारास साधनें निरनिराळ्या काळीं निरनिराळीं होतीं. १९८२ सालीं ब्रिटिश नभोवाणीसंस्थेची ‘फॉलो मी’ ही दूरचित्रवाणीवरील पाठमाला चीनमध्यें दाखविण्यांत आली, आणि संध्याकाळीं घरोघर लोक तिच्यापुढें वही घेऊन बसूं लागले. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ ची संथ इंग्रजींतील वार्तापत्रें १९५९ पासून चालू झालीं होतीं. त्यांत सुमारें दीड हजार शब्दच वापरीत व वाचणारा मुद्दाम सावकाश वाची, म्हणून शिकाऊ लोकांस तीं फार सोयीचीं पडलीं. एल. जी. अलेक्झांडर यांचीं १९६७ मध्यें निघालेलीं ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’ हीं पुस्तकें व त्यांच्या ध्वनिफिती तर तेथें कित्येक पिढ्यांनीं पाठ केल्या. पुढें एकच वाक्य पुनःपुन्हां ऐकविणारीं कॅसेटयंत्रें विद्यार्थ्यांच्या दप्तरांत आलीं, व आतां तें काम हातांतील फोन करितो.

तेथील शाळांत पहांटेचा पहिला तास ‘जाओदू’ चा, म्हणजे मोठ्यानें वाचण्याचा असतो. पन्नास-साठ मुलें एकाच वेळीं निरनिराळे उतारे मोठमोठ्यानें म्हणत असतात. आपल्याकडे दिवेलागणीस परवचा म्हणणाऱ्या पिढीस हा गलका अपरिचित वाटणार नाहीं.

मात्र कान आणि डोळा यांचा अभ्यास एकत्र करण्याची ही पद्धति तेथें फार जुनी नाहीं. १९५० च्या दशकांत चिनी शाळांतून मुख्यतः रशियन शिकवीत. १९६६ पासून प्रवेशपरीक्षाच बंद पडली. ती १९७७ च्या हिंवाळ्यांत पुन्हां सुरू झाली, तेव्हां सुमारें ५७ लक्ष लोक बसले व त्यांतील २ लक्ष ७० हजारांच्या आसपास निवडले गेले. पुढें परकीय भाषेचे गुण हळूहळू मोजण्यास आरंभ झाला. १९७९ मध्यें शेंकडा १०, १९८० मध्यें ३०, १९८१ मध्यें ५०, १९८२ मध्यें ७०, आणि १९८३ पासून पूर्ण. यू मिनहोंग या नांवाच्या जिआंगसू प्रांतांतील शेतकऱ्याच्या मुलास इंग्रजींत १९७८ सालीं ३३, १९७९ सालीं ५५, आणि तिसऱ्या खेपेस, १९८० सालीं, ९५ गुण मिळाले व तो बीजिंग विद्यापीठांत इंग्रजी शिकण्यास गेला. तेथें गेल्यावर आपणांस बोललेलें इंग्रजी कळत नाहीं असें त्यास आढळलें, व त्यास वरच्या तुकडींतून काढून कच्च्या मुलांच्या तुकडींत घातलें, असें त्यानें पुढें स्वतःच अनेकदां सांगितलें आहे. त्याच गृहस्थांनीं १९९३ सालीं ‘न्यू ओरिएंटल’ ही शिकवणीची प्रसिद्ध संस्था काढली. ९५ गुण खोटे नव्हते. ते डोळ्यांनीं मिळविलेले होते, एवढेंच.

वाचनाकडे वळूं. चार उताऱ्यांवर १५ प्रश्न असतात, प्रत्येकास अडीच गुण. पहिला उतारा बहुधा एखादें सूचनापत्र किंवा प्रवासाची, वर्गांची, प्रदर्शनाची माहिती. पुढचे गोष्टीवजा किंवा शास्त्रीय विषयावरील. त्याखेरीज एक उतारा असा कीं, त्यांतील पांच वाक्यें काढून घेतलेलीं व खालीं सात वाक्यें दिलेलीं. त्यांतून योग्य तीं पांच नेमक्या जागीं बसवावयाचीं. या शेवटच्या प्रश्नाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. तेथें शब्दार्थ पाठ असून भागत नाहीं. ‘परंतु’ कशास उद्देशून आला, ‘ते’ म्हणजे कोण, आधींच्या वाक्यांत ज्याचा उल्लेखच नाहीं तें सर्वनाम येथें कसें येईल, असा विचार करावा लागतो. मराठीच्या तासासही शिक्षकांनीं असा प्रश्न घालून पाहावा.

परीक्षेस लागणारे शब्द सुमारें ३,५०० मानले जातात. ते पाठ करणें कष्टाचें असलें तरी सर्वांत अवघड नव्हे. अवघड आहे तें लांब वाक्य. ‘द टीचर हू टॉट माय ब्रदर इन नानजिंग हॅज रिटायर्ड’ या वाक्यांत निवृत्त कोण झाला? चिनी भाषेंत विशेषणरूप मजकूर सारा नामाच्या आधीं येतो. “नानजिंग येथें माझ्या भावास शिकविणारे शिक्षक” असें आपणही म्हणतों. इंग्रजींत तो मागें लोंबतो. घाईनें वाचणारास क्रियापदाजवळ नानजिंग आणि भाऊ दिसतात, आणि तो भावासच घरीं बसवितो. म्हणून चांगले शिक्षक आरंभीं वेगाचा आग्रह धरीत नाहींत. प्रत्येक वाक्याचा कर्ता व मुख्य क्रियापद यांखालीं रेघ ओढावयास लावितात, आणि ही संवय हाडीमांसीं खिळल्यावर मग घड्याळ समोर ठेवितात.

मथळा निवडण्याच्या प्रश्नाचेंही एक उदाहरण आम्हींच कल्पून देतों. समजा, शहरांतील इमारतींच्या गच्च्यांवर मधमाश्या पाळणाऱ्या लोकांविषयीं एक उतारा आहे. ‘कीटकांचें जग’ हा मथळा फार मोठा होतो. ‘एका पोळ्याचा मध’ हा फार लहान. ‘मध खाण्याचे फायदे’ हा उताऱ्याच्या एका कोपऱ्यांतून उचललेला. उरला ‘गच्चीवरील मधमाश्या’. कपडा अंगास बेतून पाहावा तसा प्रत्येक मथळा साऱ्या उताऱ्यावर घालून पाहावयाचा.

या परीक्षेभोंवतीं युक्त्यांचा बाजारही पुष्कळ आहे. “जो शब्द कानीं पडला तो असलेलें उत्तर चूक समजावें” अशी एक युक्ति सांगतात. पुरुष म्हणतो, “आपण बसनें जाऊं या का?” स्त्री म्हणते, “एवढी छान हवा पडली आहे, मी तर चालणार.” येथें ‘बस’ हें उत्तर चुकीचें हें खरें, पण तें संभाषण कळल्यामुळें चूक ठरलें, युक्तीमुळें नव्हे. दुसऱ्या एखाद्या संभाषणांत ऐकलेलाच शब्द बरोबर असतो, व युक्तिवाला तेथें फसतो. हबेई प्रांतांतील हंगश्वै येथील शाळेच्या नांवानें तर इंग्रजी हस्ताक्षराची एक तऱ्हाच प्रसिद्ध आहे. अक्षरें छापल्यासारखीं गोल व एकसारखीं, परीक्षकाच्या डोळ्यास सुख देणारीं. सुवाच्य अक्षर चांगलेंच. परंतु त्यावर घालविलेला तास वाचनांतून कापलेला असेल तर सौदा तोट्याचा, असें आम्हांस वाटतें.

आन्हुई प्रांतांतील माओतानछांग या लहानशा गांवीं मोठी शाळा आहे. तेथें मुलांबरोबर त्यांच्या आयाही येऊन खोल्या भाड्यानें घेऊन राहतात, स्वयंपाक करितात, कपडे धुतात व मुलाची वाट पाहतात. अशा मातांनीं इंग्रजी शिकविण्याचा प्रश्नच नसतो. पण ऐकण्याच्या अभ्यासास घरांत वीस मिनिटें शांतता लागते, आणि ती देण्यास इंग्रजी यावें लागत नाहीं, हें आपल्याकडील पालकांनींही ध्यानांत घ्यावें.

शहर व खेडें यांतील अंतर या विषयांत जितकें उघडें पडतें तितकें गणितांत पडत नाहीं. गणिताचें पुस्तक डोंगरांतील शाळेंतही तेंच असतें. पण इंग्रजीचा आवाज शिक्षकाच्या तोंडून किंवा यंत्रांतून यावा लागतो, आणि शिक्षकासच तो नीट ऐकावयास मिळाला नसेल तर मुलास कोठून मिळणार? प्रांताप्रांतांच्या पद्धतीही एक नाहींत. क्वांगतुंग प्रांतांत २०११ पासून श्रवण व भाषण यांची परीक्षा संगणकावर होते. मूल चित्रफीत पाहून तिच्याबरोबर वाचतें, प्रश्नोत्तरें करितें व ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगतें. बीजिंगमध्यें २०२१ सालच्या परीक्षेपासून ५० गुण अशा परीक्षेस दिले आहेत, व ती मुख्य पेपराहून निराळी, वर्षांतून दोनदां होते. दोनदां बसण्याची मुभा असल्यामुळें एका दिवसाच्या सर्दीपडशानें वर्ष फुकट जात नाहीं. हा बदल आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

दोनदां परीक्षा घेण्यांत मात्र एक पेंच आहे : दोन्ही पेपर सारखेच कठीण कसे ठेवावे? झजिआंग प्रांतांत नोव्हेंबर २०१८ मध्यें इंग्रजीचा पेपर मागील परीक्षेपेक्षां कठीण गेला, म्हणून अधिकाऱ्यांनीं वाचनाच्या व भाषाप्रयोगाच्या भागांतील कांहीं प्रश्नांचे गुण मागाहून वाढवून निकाल लाविला. ज्यांस कठीण प्रश्न सुटले नव्हते त्यांस जेथल्या तेथें राहावें लागलें, आणि शेजारच्याचे गुण मात्र वर गेले. विद्यार्थी व पालक यांनीं मोठी ओरड केली. प्रांतिक सरकारनें चौकशी करविली, आणि डिसेंबरच्या ५ तारखेस ते वाढविलेले गुण रद्द करून सर्वांस मूळचे गुण परत दिले.

ज्यांस ऐकूंच येत नाहीं त्यांचें काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. त्यांस श्रवणाच्या भागांतून सूट मिळते. बाकीच्या १२० गुणांपैकीं मिळालेले गुण १५० च्या प्रमाणांत वाढवून मांडतात. म्हणजे १२० पैकीं ९६ मिळविणाऱ्या बहिऱ्या मुलाच्या नांवावर १२० गुण लागतात. अंध मुलांसाठीं ब्रेल लिपींतील प्रश्नपत्रिका २०१४ सालीं प्रथम निघाली, आणि ती बोटांनीं वाचणारांस नेहमींच्या वेळेच्या दीडपट वेळ देतात.